घरचे म्हणतात प्लास्टिकला मोड नाही. ॲक्रिलिकचे दागिने डिझाइन करण्यात उत्पन्न आहे का?

मोड नाही, म्हणजे मोडायला गेलं तर पैसे परत मिळत नाहीत, हे खरंच. पण हे वाक्य मी नाशिकच्या सराफ बाजारात, काकांच्या पेढीवर, इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

एका दिवाळीत काकांनी मोठ्या मनाने काउंटरचा कोपरा मला माझे ॲक्रिलिकचे दागिने मांडायला दिला. त्यात लाल ॲक्रिलिकचा, पितळी कड्यांनी जोडलेला गळाभर हार होता. ऐन गर्दीत काकांनी तो काट्यावर टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चाळीस ग्रॅम. किंमत अठराशे. मोड शून्य." गिऱ्हाइकं हसली.

शेजारीच एक बाई सासूबाईंच्या पाटल्या मोडायला बसल्या होत्या. पाटल्यांवर काय सुरेख कोरीवकाम! काकांनी घट, म्हणजे वजनातली तूट, धरली, उरलेल्या वजनाचे पैसे नव्या बांगड्यांत वळते केले आणि त्यांवर नवी घडणावळ लावली. जुन्या नक्षीचे पैसे? एक रुपया नाही, ती मुशीत गेली. मी तिथंच म्हटलं, "काका, मग तुमच्याकडे तरी कारागिराच्या हाताला कुठं मोड आहे? मोड धातूला आहे." त्यावर ते जे चिडले, ते अजून भाऊबिजेला टोमणा मारल्याशिवाय राहत नाहीत. त्या बाईंनी हार घेतला नाही, हेही सांगून टाकते. घालून मात्र बघितला.

माझं मत स्पष्ट आहे: सोनं ही गुंतवणूक आहे, खुशाल करा. पण दागिना म्हणून बघायचं तर आकार बघा. सोन्याची घनता घन सेंटीमीटरला 19.3 ग्रॅम, ॲक्रिलिकची 1.19 च्या आसपास. तळहाताएवढं कानातलं सोन्यात केलं तर कानाची पाळी फाटेल. ब्रिटनचे दागिने-कलाकार डेव्हिड वॉटकिन्स यांनी 1970 च्या दशकातच ॲक्रिलिक आणि सोनं एकत्र वापरलं. तिथलेच दागिने-कलाकार पीटर चँग यांची ॲक्रिलिकची रंगीबेरंगी कडी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहेत. तिथं कुणी मोड विचारत नाही.

सुरुवात करायची तर ॲक्रिलिकची कास्ट, म्हणजे साच्यात ओतून केलेली, शीटच घ्या. एक्स्ट्रूडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली, स्वस्त पडते, पण लेझरखाली कोरताना चिकट होते. शीट साइनबोर्डवाल्यांकडे मिळते, त्यांच्याकडचे उरलेले तुकडे तर फारच स्वस्त. ॲक्रिलिक सांगून कुणी पीव्हीसी हे दुसरंच प्लास्टिक गळ्यात मारत नाही ना, ते बघा, कारण पीव्हीसी लेझरखाली गेलं की विषारी वाफ निघते आणि मशीनही गंजतं. क्लोरोफॉर्मने जोडकाम करणार असाल तर खिडक्या उघड्या ठेवा. आणि गिऱ्हाइकाला बजावा, अंगावर दागिना असताना अत्तर, सॅनिटायझर मारायचं नाही. स्पिरिटने त्यात बारीक तडे जातात आणि मग दोष आपल्या माथी येतो.

हो, शेवटी ते प्लास्टिकच आहे, कुजत नाही, चरेही पडतात. हे लपवून विकू नका.

उत्पन्नाचं विचारलंत. नवरात्रात आणि कॉलेजांच्या गॅदरिंगला हात पुरत नाहीत, उन्हाळ्यात फारसं काही नसतं. त्या महिन्यांत मी दुकानांच्या पाट्यांची अक्षरं कापून देते. ते पैसे रोख मिळतात.