दुर्बिणीतलं आकाश आणि बाळंतिणीची कविता

प्रश्न: पृथ्वी फिरते म्हटल्यावर चर्चने गॅलिलिओवर खटला भरला. मग त्या काळातल्या देवभोळ्या बायकांच्या कवितेत आकाश जुनंच असणार ना?

उत्तर: नाही हो, आणि आधी त्या खटल्याचंच बघा, १६३३ चा तो खटला रोममधला, कॅथलिक चर्चचा, इंग्लंड प्रोटेस्टंट, तिथे रोमचा हुकूम कोण ऐकतंय! त्यामुळे तिथल्या शिकल्यासवरल्या घरात कोपर्निकस, गॅलिलिओ हे विषय निघायचे.

अशाच घरातली कवयित्री हेस्टर पुल्टर. हर्टफर्डशायरला राहायची, पक्की राजनिष्ठ, बाहेर राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध पेटलेलं आणि घरात पंधरा बाळंतपणं, त्यातली बहुतेक मुलं तिच्या हयातीतच गेली. १६४८ मध्ये पंधराव्या वेळी ती इतकी खंगली की दहा दिवस-रात्र उशीवरून मान हलली नाही, हे तिने कवितेच्या लांबलचक शीर्षकातच लिहून ठेवलंय, आणि देवाने वाचवलं म्हणून त्याचे आभारही तिथेच मानलेत. अंग हलत नाही तर मन निघालं, थेट ग्रहांमधून फिरायला! तिथून पृथ्वी कशी दिसते, तर चंद्रासारखी प्रकाशणारी. ही कल्पना जुन्या आकाशात बसतच नाही, कारण तिथे पृथ्वी मधोमध स्थिर आणि बाकीच्या गोलांपेक्षा वेगळी.

मला वाटतं नव्या खगोलशास्त्राने तिची श्रद्धा हलली नाही, उलट आत्म्याला फिरायला जागा वाढली. दुसरीकडे ती म्हणते की मेल्यावर आपले अणू होऊन विखुरतील पण देव ते परत गोळा करील, आणि एवढी मुलं गमावलेल्या बाईने हे लिहावं म्हणजे नुसती कविकल्पना म्हणून सोडून देता येत नाही. तिचं हस्तलिखित मात्र १९९० च्या दशकापर्यंत लीड्स विद्यापीठाच्या लायब्ररीत कुणाच्या लक्षात न येता पडून होतं, काय म्हणावं!

आता भक्तीला दुर्बीण लागतेच असंही नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सची प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट पंथातली, कवयित्री अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट सूर्याकडे बघून इतकी थक्क होते की मला खरं ठाऊक नसतं तर मीही त्याला देव मानलं असतं, असं सरळ कबूल करते. मेक्सिकोतली नन सोर हुआना तर वेगळीच, १६९२ ला छापलेल्या तिच्या ९७५ ओळींच्या स्वप्न-कवितेत आत्मा सगळं विश्व समजून घ्यायला वर चढतो, ते काही जमत नाही, आणि सूर्य उगवल्यावर बाई जागी होते. तिघींपैकी आधी पुल्टर वाचा, ब्रॅडस्ट्रीट नंतरही चालेल.