वाचकांचे प्रश्न : क्रॉसिंगला थांबलेली गाडी

छोट्या रेल्वेच्या छंदाविषयी आलेल्या तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. तिन्ही पत्रलेखक साठी ओलांडलेले आहेत आणि तिघांची घरे समुद्रापासून फार दूर नाहीत, त्यामुळे एकाला दिलेले उत्तर बाकीच्या दोघांनाही उपयोगी पडावे.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा सेवानिवृत्त शिक्षक असून संगमेश्वर तालुक्यात राहतो. नातवाबरोबर पुण्यातील भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहून आल्यापासून घरातल्या बारा बाय दहाच्या खोलीत कोकण रेल्वेवरचा पानवलचा पूल आणि करबुड्याचा बोगदा उभारावा, असे मनात घोळते आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, उजवा हात किंचित थरथरतो आणि घरचे या सगळ्याला म्हातारचळ म्हणतात. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : सुरुवात फूटपट्टीपासून करावी. पुण्याच्या संग्रहालयातील गाड्या एचओ प्रमाणाच्या, म्हणजे मूळ आकाराच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या आहेत, आणि जगभर सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाणही हेच आहे. पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब आहे. या प्रमाणात त्याची उंची सुमारे साडेत्र्याहत्तर सेंटिमीटर होईल, ती एकवेळ चालेल. परंतु लांबी पावणेपाच मीटरांहून अधिक भरेल आणि आपली बारा फुटांची भिंत तर पावणेचार मीटरांचीही नाही. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा प्रमाणात ७५ मीटर होतो, म्हणजे तो आपले अंगण ओलांडून शेजाऱ्याच्या आगरात निघेल. कोकण रेल्वेची वळणेही वेगवान गाड्यांसाठी आखलेली असल्यामुळे त्यांची त्रिज्या किमान १२५० मीटर ठेवलेली आहे. तिचा सत्त्याऐंशीवा हिस्सा १४ मीटरांच्या पुढे जातो. जे डोळ्यांनी पाहिले ते जसेच्या तसे खोलीत आणण्याच्या हट्टापायी अनेकांचे रूळ खोक्यातच राहतात, आणि उतारवयात हा हट्ट अधिक महाग पडतो, कारण अर्धवट राहिलेली मोठी मांडणी रोज डोळ्यांसमोर असते.

त्यापेक्षा आपण एक क्रॉसिंगचे, म्हणजे एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना वाट देतात असे, स्थानक करावे. २६ जानेवारी १९९८ पासून ही रेल्वे सलग धावू लागली, तरी मार्ग बहुतांश एकेरीच राहिला, आणि क्रॉसिंगला गाडी थांबली म्हणजे काय होते हे कोकणी माणसाला सांगावे लागत नाही : माणसे फलाटावर उतरतात, कोणीतरी पुढच्या सिग्नलकडे पाहत राहतो, पोरे कंटाळतात आणि मग समोरून दुसरी गाडी धडधडत निघून जाते. हा सगळा खेळ दोन मार्गांत आणि दोन सांध्यांत, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या जोडांत, बसतो. एक मुख्य मार्ग, गाडी बाजूला थांबवायचा एक वळण मार्ग, छोटा फलाट, मागे जांभ्याची कापलेली दरड आणि एका टोकाला बोगद्याचे नुसते तोंड एवढे पुरे. बोगद्याच्या तोंडाआड आणि दुसऱ्या टोकाला झाडीआड एकेक गाडी उभी राहील एवढी जागा ठेवली की दोन्हीकडून गाड्या येऊ लागतील. एचओ प्रमाणात विजेचे इंजिन सुमारे २४ आणि नवा लांब डबा सुमारे २७ सेंटिमीटरांचा होतो. चार डब्यांची गाडी म्हणजे १ मीटर ३२ सेंटिमीटर. अशा गाडीसाठी सांध्यांसकट दोन मीटरांचे स्थानक आणि दोन्हीकडे दीड-दीड मीटर धरले, तर खोलीच्या दोन भिंतींलगत काटकोनात बसवलेली दीड फूट रुंदीची फळी पुरते. कोपऱ्यातल्या वळणाची त्रिज्या मात्र ६० सेंटिमीटरांच्या खाली आणू नये, कारण लांब डबे अरुंद वळणावर रूळ सोडतात. तेवढ्यापुरती फळी कोपऱ्यात रुंद करावी. पानवलचा मोह सुटतच नसेल, तर पुलाचे दोनच खांब आणि वरचा तुकडा पार्श्वभूमीला उभा करावा. पाहणाऱ्याचे मन उरलेले खांब स्वतः पुरवते.

याहून लहान, म्हणजे १:१६० च्या एन प्रमाणात अधिक रेल्वे मावली असती, हे खरे. परंतु त्या प्रमाणाच्या रुळांतले अंतर अवघे ९ मिलिमीटर असते आणि आपल्या हाताचे वर्णन वाचून तो मार्ग मी सुचवणार नाही. एचओच्या रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर आहे. ते परदेशातील १४३५ मिलिमीटरांच्या रुळांना जुळते. आपल्या १६७६ मिलिमीटरांच्या रुंद रुळांसाठी हिशेबाने ते सव्वाएकोणीस हवे. यावर रात्ररात्र वाद घालणारे लोक आहेत. बाजूने पाहताना हा फरक जाणवत नाही, म्हणून आपण त्या वादात पडू नये.

हाताच्या थरथरीवर उपाय असा की मनगट टेबलावर टेकवून काम करावे, तुकडा हातात न धरता चिमट्यात धरावा आणि डोक्याला लावायचे भिंग वापरावे. एका बैठकीत अर्ध्या तासाहून अधिक काम करू नये. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल तर डाग देण्याचे, म्हणजे सोल्डरिंगचे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे, कारण तापलेले टोक बोटाला लागल्याचे अशा माणसाला उशिरा कळते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कागद कापायच्या पात्यापासूनही जपावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फळीखाली वाकून तारा जोडाव्या लागतील अशी रचना करूच नये. मांडणी चार-चार फुटांच्या सुट्या भागांत करावी, म्हणजे एकेक भाग त्याच्या एका बाजूवर उभा करून खुर्चीत बसून तारा जोडता येतात. ही अक्कल मला गुडघे धरल्यावर सुचली.

घरच्यांचे म्हणाल तर, गणपतीच्या मखरासाठी रात्री जागवणाऱ्या माणसाला आपल्याकडे कोणी नावे ठेवत नाही. हेही मखरच आहे, फक्त विसर्जनानंतर मोडायचे नाही.

प्रश्न : मी मालवणला राहते. बँकेतून निवृत्त झाल्यावर भावाने परदेशातून आणलेल्या संचावर हा छंद लागला. मे महिन्यापर्यंत गाडी उत्तम धावते आणि जुलैत अडखळू लागते, दिवे लुकलुकतात, रूळ काळे पडतात. इंजिन बिघडले समजावे का?

उत्तर : बहुधा इंजिन निर्दोष आहे. गाडीला वीज रुळांतून चाकांमार्फत मिळते आणि दमट, खाऱ्या हवेत रुळांवर थर चढतो. त्यात वंगण आणि धूळ मिसळली की काळी राब तयार होते. चांगले रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, त्यामुळे ते गंजत नसले तरी काळवंडतात. आपला संच जुना असून रूळ लोखंडी असतील, ते चुंबकाला चिकटत असतील, तर मालवणच्या हवेत ते टिकणार नाहीत, ते बदलावेत.

रूळ पुसण्यासाठी वीज बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले सुती फडके वापरावे आणि खिडकी उघडी ठेवावी. पॉलिश कागदाने घासू नये, कारण बारीक ओरखड्यांत घाण अधिक धरते. पुष्कळ जण रूळ लख्ख करतात आणि चाके विसरतात, मग पहिल्याच फेरीत तोच काळेपणा परत रुळावर येतो. दोन रुळांना जोडणाऱ्या पत्र्याच्या जोडांतही खारी हवा शिरते आणि वीज पुढे जात नाही. म्हणून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार डाग देऊन जोडावी. एवढे एकदा केले की निम्मी तक्रार कायमची मिटते. पावसाळ्यात रोज दहा मिनिटे गाडी चालवावी. गाडीचे न वापरलेले डबे घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत, पण स्पंजमध्ये गुंडाळून नव्हे, कारण तो काही वर्षांनी चिकट होऊन रंगाला धरतो. माझी पहिली मांडणी तर साध्या प्लायवूडवर होती. ते एकाच पावसाळ्यात फुगले आणि स्थानकाच्या मधोमध आपोआप घाट तयार झाला. पाण्यात टिकणारे मरीन प्लाय घेऊन त्याच्या कापलेल्या कडांनाही रंग द्यावा. खऱ्या कोकण रेल्वेला पावसाळी वेळापत्रक असते आणि त्यात गाड्यांचा वेग कमी केलेला असतो. आपल्यालाही ते लागू करण्यास हरकत नाही.

प्रश्न : सावंतवाडीत राहतो. विकतची झाडे आणि माती फार महाग पडतात आणि ती युरोपातली दिसतात. घराभोवतीचे साहित्य वापरले तर चालेल का?

उत्तर : चालेल, आणि अधिक शोभेल. माडासाठी काथ्या पिळून खोड करावे आणि झावळ्या कागदाच्या कापाव्यात. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचे तुकडे रंगवले की दाट झुडपे होतात. गवतासाठी सुताराकडचा भुसा हिरवा रंगवावा, मात्र तो उन्हात खडखडीत वाळल्याखेरीज चिकटवू नये, नाहीतर त्यावर बुरशी येते. समुद्राची वाळू घेतल्यास ती गोड्या पाण्यात अनेकदा धुवावी. फलाटाची खुर्ची, पाण्याची टाकी असल्या लाकडी वस्तूंसाठी चितार आळीत कातारकाम करणारे कारागीर आपल्या गावातच आहेत, त्यांना आकार काढून दाखवावा.

दरडीसाठी जांभ्याची माती चाळून वापरावी, तो तांबूस रंग कोणत्याही डबीतून मिळत नाही. परंतु जांभ्यात लोह भरपूर असते आणि इंजिनाच्या मोटारीत चुंबक असतो, त्यामुळे मातीचे लोहयुक्त कण उडून आत जाऊन बसतात. चाळलेल्या मातीतून कागदात गुंडाळलेला चुंबक निदान पाच-सहा वेळा फिरवावा, कागदाला काही चिकटेनासे झाले की ती माती फेव्हिकॉलच्या पातळ पाण्याने बसवावी, आणि ती पुरती वाळेपर्यंत इंजिन त्या खोलीतही आणू नये.