माग बंद पडला की जाग येते

चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद.

रात्री अडीचला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. ‘काका, कानातली ही शिट्टी जन्मभर राहणार का?’ डॉक्टरांनी ‘सवय करून घ्या’ म्हणून दोन मिनिटांत वाटेला लावलं, याचा राग आलाय तुला. मलाही आला होता. सल्ला खोटा नव्हता. पण सवय करायची कशी, ते कुणी सांगितलं नाही.

तू पथकात ताशा वाजवतोस, मी इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा होतो. कानाचं झालं ते एकच. आतल्या नाजूक केसपेशी आवाजानं मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून येणारं कमी झालं की मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवतो आणि त्याला स्वतःचीच खरखर ऐकू येते, असं बरेच तज्ज्ञ मानतात. तुझ्याकडे शिट्टी, माझ्याकडे रातकिडे. (दुखणं नवं नाही. सुश्रुतानं 28 कर्णरोग मोजलेत, त्यात कर्णनाद, म्हणजे हे कानात वाजणं, आहेच.)

आता माझी गोष्ट ऐक. रात्रपाळीला सगळे माग धडधडत असताना मी ताग्यांच्या ढिगावर गाढ झोपायचो. एक माग बंद पडला की मात्र खाडकन जाग! धडधड म्हणजे सगळं ठीक, खंड पडला म्हणजे भानगड, हे मेंदूनं ठरवून टाकलेलं. तुझ्या मेंदूनं ही शिट्टी भानगडीच्या खात्यात टाकली आहे. तू दर पाच मिनिटांनी ‘आहे का अजून?’ म्हणून बघतोस, तेव्हा ते खातं आणखी पक्कं होतं. मी तर वहीत रोज दहापैकी गुण द्यायचो रातकिड्यांना. पुढे ऑडिऑलॉजिस्टनं, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या बाईंनी, ते मोजले, तर ऐकू येण्याच्या उंबरठ्याच्या जेमतेम सहा डेसिबल वर. मी भांडलोच त्या बाईंशी. पण मशीन बरोबर होतं. आवाज लहान होता, धास्ती मोठी होती. ती वही त्याच आठवड्यात रद्दीत गेली.

शांत खोली शोधू नकोस. 1953 साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी कान चांगले असलेल्या 80 जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, तर 94 टक्क्यांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. म्हणून रात्री पंखा चालू ठेव, नाहीतर पावसाचा आवाज लाव. पण शिट्टी बुडेल इतका मोठा नको. ती थोडी ऐकू येत राहिली तर मेंदू तिला सरावतो, असं मानतात. दिवसभर बोळे घालून फिरू नकोस, त्यानं शिट्टी वाढल्यासारखी वाटते. ताशाला मात्र इअरप्लगशिवाय हात लावायचा नाही. पोरं हसतील, हसू देत.

कानात तेलबिल कुणाच्या सांगण्यावरून घालू नकोस. आधी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, काढ. ऐकू कमी येत असेल तर कानाचं मशीन लावल्यावर अनेकांचा नादही मागे पडतो. शिट्टी एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल किंवा गरगरत असेल, तर कान-नाक-घसावाल्यांना नीट दाखवायचं. एकाएकी ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी. आणि सीबीटी म्हणून समुपदेशनाची पद्धत आहे. शिट्टी कमी होत नाही तिनं, पण छळ कमी होतो, याला चांगला पुरावा आहे. मी आठ-दहा वेळा गेलो. पहिल्या दोन वेळा वाटलं, पैसे पाण्यात.

तुझ्या मेसेजमधली शेवटची ओळ मी दोनदा वाचली. ‘कंटाळा आलाय सगळ्याचा.’ तो नुसता झोपेचा असेल तर ठीक. जीव नकोसा होण्यापर्यंत गेला असेल, तर अडीच वाजता मला मेसेज नाही, फोन करायचा. मी उचलला नाही तर 14416, टेली-मानस, ही सरकारी मदतीची फोनसेवा. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

सर्दी झाली, जागरण झालं, की माझे रातकिडे अजून चेकाळतात. मग दोन-चार दिवसांत कधीतरी लक्षात येतं, की सकाळपासून त्यांची आठवणच झाली नाही.

रविवारी ऑडिओग्रामचा कागद घेऊन ये. काकू थालीपीठ लावणार आहे.

तुझा,
काका