जुना जीपीएस एनएमईए ०१८३ चा आहे आणि नवा चार्टप्लॉटर (पडद्यावर सागरी नकाशा दाखवणारं यंत्र) एनएमईए २००० चा; ही दोन्ही बोटीवरच्या उपकरणांनी एकमेकांना माहिती देण्याची मानकं आहेत. बोटीवर दोन्ही थेट वायरने जोडता येतील का?

थेट नाही, मध्ये कन्व्हर्टर लागेल. दोघांची भाषाच वेगळी आहे. ०१८३ मध्ये एक उपकरण बोलतं आणि बाकीची नुसती ऐकतात. माहिती साध्या मजकुराच्या ओळींत, सहसा ४८०० बॉडने, म्हणजे सेकंदाला ४८०० बिट वेगाने जाते (आसपासच्या जहाजांची ओळख आणि जागा कळवणारी एआयएस यंत्रणा असेल तर ३८४००). २००० हे मोटारगाड्यांतल्या कॅन बसवर (सगळ्या उपकरणांना जोडणाऱ्या सामाईक डेटा-वायरिंगवर) बेतलेलं आहे: वेग सेकंदाला २,५०,००० बिट, आणि एकाच मुख्य केबलवर सगळे बोलतात, सगळे ऐकतात. त्या केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा टर्मिनेटर (टोकाला लावायचा रोधक) हवाच, आणि प्रत्येक उपकरणाकडे जाणारा फाटा ६ मीटरच्या आत ठेवा. टर्मिनेटर राहून गेला तर डेटा कधी येतो, कधी गायब होतो, आणि आपण उगाच जीपीएसला शिव्या घालत बसतो.

मात्र कन्व्हर्टर घेण्याआधी प्लॉटरचं मॅन्युअल बघा. काही मॉडेलना ०१८३ ची जोडणीही असते. तसं असेल तर जीपीएसची आउटपुट वायर प्लॉटरच्या इनपुटला लावा, दोन्हीकडे बॉड रेट सारखा ठेवा, कन्व्हर्टरचा खर्च वाचला. रडारचं चित्र यातल्या कशावरूनही जात नाही, त्याला सहसा इथरनेट लागतं.