बारावीच्या वर्षी मुलाचा तबला बंद करावा का?

बंद करू नका.

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. मुलगा सात वर्षं तबला शिकतोय, संगीताच्या परीक्षांपैकी मध्यमा पूर्ण झालीय, आता बारावी सायन्सला आहे. क्लासवाल्यांनी पालकसभेत ‘हे वर्ष बाकी सगळं बंद’ म्हणून तुमची सही घेतलीय. आणि पुढे काय करायचं असं विचारलं की तो ‘बघू’ म्हणून उठून जातो. यातल्या तबल्याबद्दल माझं उत्तर पक्कं आहे, कारण ते मी स्वतःच्या हातांनी शिकलोय. पुढच्या बेताबद्दल जेवढं सुचतंय तेवढं शेवटी लिहितो.

मी मिरजेचा. आमच्या गावात तंबोरे-सतारी बनतात, दर्ग्याच्या उरुसात आणि अंबाबाईच्या नवरात्रात मोठमोठे कलाकार येऊन गाऊन जातात. तिथल्या पोरानं तबला शिकणं यात काही विशेष नव्हतं. वडील एसटीत कंडक्टर. पगारातून पैसे बाजूला काढून त्यांनी मला तिसरीत असताना तबला-डग्गा घेऊन दिला होता. दहावीपर्यंत मी आठवड्यातून तीन दिवस गुरुजींकडे जायचो. दिल्लीचा तो ‘धाधा तिट धाधा तिन्ना’चा कायदा, म्हणजे तबल्यातली बोलांची बांधलेली रचना, बहुतेकांना सुरुवातीलाच शिकवतात. पण माझा तो दुगुणीत, म्हणजे दुप्पट वेगात, स्वच्छ वाजायला लागला, त्या दिवशी गुरुजींनी शेजारच्या खोलीतून काकूंना ऐकायला बोलावलं होतं. हे मी अजून कुणाला सांगितलं की माझा आवाज बदलतो.

जून १९९५. दहावीचा निकाल चांगला लागला. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. त्याची इंजिनिअरिंगची सीट दोन मार्कांनी गेली होती, बी.एस्सी. करून तो पतसंस्थेत लागला होता. ते दोन मार्क त्याच्या डोक्यातून कधी गेले नाहीत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं वेळापत्रक लिहून भिंतीला लावलं. पहाटे साडेचारपासून रात्री दहापर्यंत. मग स्टूल घेतलं, तबला आणि डग्गा जुन्या धोतरात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. वडील बघत होते. ते म्हणाले, “त्याला कळतंय आपल्यापेक्षा.”

तेव्हा सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंगची वेगळी प्रवेश परीक्षा, नव्हती, ती नंतर आली. बारावीच्या बोर्डात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे तीनशेपैकी किती पडतात त्यावर सगळं ठरायचं. गल्लीत बायका पाण्याच्या नळावरसुद्धा ‘ग्रुपला किती पडले?’ असं विचारायच्या. त्यामुळे दादाची भीती खोटी नव्हती, हे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो.

पंधरा-वीस दिवसांनी गुरुजी स्वतः घरी आले. सायकल भिंतीला लावल्याचा आवाज मी ओळखला. दादा दारात गेला. “बारावी झाली की पाठवतो,” म्हणाला. गुरुजी म्हणाले, “अभ्यास करू दे. आठवड्यातून एकदा नुसता येऊन बसला तरी चालेल, हात थंड पडायला नकोत.” दादा म्हणाला, “दोनच वर्षांचा प्रश्न आहे.” मी आतल्या खोलीत फिजिक्सचं पुस्तक उघडून बसलो होतो. मधे एक पडदा होता फक्त. मी उठून बाहेर आलो नाही. सायकल निघून गेल्यावरही पान उलटलं नाही.

आता मुद्दा असा, की त्या वाचलेल्या वेळेचं मी काय केलं. तबल्याला आठवड्याचे फार तर सहा-सात तास जायचे. ते तास अभ्यासात गेले असं दादाला वाटतं. ते गेले पुस्तक समोर धरून बसण्यात. आकाशवाणी सांगलीवर गाणं लागलं की माझी बोटं जर्नलच्या पुठ्ठ्यावर चालायची, आणि दादा आला की थांबायची. एकदा त्यानं पाहिलं आणि रेडिओ शेजाऱ्यांकडे ठेवून आला. त्यानंतर मी अंथरुणात मांडीवर वाजवायचो. ज्या मुलाला अर्धा तास वाजवून मोकळं होता आलं असतं तो दिवसभर त्याच गोष्टीला चिकटून राहिला. अभ्यास करणाऱ्या माणसाला विटायला लागतं, विटलं की दुसरीकडे हात घालावा लागतो, आणि मग तो परत येतो. हे शेतात राबणाऱ्याला कळतं, क्लासवाल्याला कळत नाही.

१९९७ला ग्रुपला २४१ पडले. फ्री सीट मिळाली नाही. तेव्हा खासगी कॉलेजांत फ्री आणि पेमेंट अशा सीटा असायच्या. मला पेमेंट सीट घ्यावी लागली आणि तिचे पैसे दादानं पतसंस्थेतून कर्ज काढून भरले. म्हणून तर इतकी वर्षं मी तोंड उघडलं नाही. ज्याच्या पैशावर शिकलो त्याला चुकलास कसं म्हणायचं? पण त्यानं पैसे भरले म्हणजे माझं मत विकत घेतलं असं होत नाही. मी इंजिनिअर झालो, कुपवाड एमआयडीसीत कास्टिंगच्या तपासणीत आहे, पोटापाण्याचं बरं चाललंय. त्यात तबला माळ्यावर टाकण्याचा काडीचा वाटा नाही.

परीक्षा संपली त्या संध्याकाळी मी तबला खाली काढला. उंदरांनी वादी, म्हणजे चामड्याची दोरी, कुरतडली होती, मधल्या काळ्या शाईचे पोपडे सुटले होते. नवीन पुडी, म्हणजे वरचं चामडं, चढवून घेतली आणि गुरुजींकडे गेलो. ते काही बोलले नाहीत, ‘बस’ म्हणाले. माझ्या मागून आलेली सातवीतली मुलं रेला, म्हणजे जलद बोलांची रचना, वाजवत होती. माझ्या हातातून ‘तिरकिट’ निघेना. बोटं कुठं पडायला हवीत ते डोक्याला आठवत होतं, हाताला नाही. मी चार वेळा गेलो. पाचव्यांदा गेलो नाही. त्या वेळी मला कुणी अडवलं नव्हतं. दादा तर उलट ‘आता जा की’ म्हणत होता. सोडलं मीच, कारण अठराव्या वर्षी सातवीतल्या मुलांच्या मागं बसायची लाज वाटली.

‘दोनच वर्षांचा प्रश्न आहे’ या वाक्याचा मला म्हणूनच राग आहे. सोळा ते अठरा या वयात हात पक्का होत असतो. त्या वेळी थांबवलेली गोष्ट तिथंच थांबून आपली वाट बघत नाही. तुमच्या मुलाची मध्यमा पूर्ण झालीय. दहावीला शास्त्रीय संगीताचे वाढीव गुण मिळतात, तेवढ्यासाठी परीक्षा देऊन थांबणारी मुलं मी खूप पाहिलीत. तो त्यानंतरही वाजवतोय, म्हणजे त्याला ते गुणांसाठी नकोय. हे घरात लक्षात घ्या.

माझी मुलगी २०२४ला बारावी झाली. ती खो-खो खेळते. संध्याकाळी साडेपाच ते सात मैदान, पावसाळ्यात चिखल. खांबाजवळ झेप घेऊन, म्हणजे पोल डाइव्ह मारून, कोपरं सोललेली. ती बारावीला गेली तेव्हा दादाचा फोन आला, “आता तरी बंद कर, माझं ऐक.” त्याच्या मुलाला त्यानं दोन वर्षं हॉस्टेलच्या क्लासला ठेवलं होतं. कॉलेजचं नाव फक्त प्रवेशापुरतं, प्रॅक्टिकलला तोंड दाखवायचं, बाकी दिवसरात्र टेस्ट सिरीज. त्याला कॉम्प्युटरची सीट मिळाली, आणि त्या पोरानं मेहनत केली होती, त्याला माझा मनापासून आशीर्वाद आहे. पण मी फोनवर पहिल्यांदाच दादाला ‘नाही’ म्हणालो. हात कापत होते माझे.

ती खेळली. ऑक्टोबरात स्पर्धेसाठी चार दिवस गेले, त्यात क्लासच्या दोन टेस्ट बुडाल्या. क्लासमधून मेसेज आला, मी उत्तर दिलं नाही. जानेवारीत प्रिलिमला तिनं स्वतःच मैदान तीन आठवडे बंद ठेवलं आणि परीक्षा झाल्यावर स्वतःच चालू केलं. बोर्डाला ७८ टक्के, सीईटीला ८४ पर्सेंटाइल. हवं ते इंजिनिअरिंग मिळालं नाही. मिळत होतं ते तिला नको होतं. आता ती सांगलीत बी.एस्सी. करते, संख्याशास्त्र घेतलंय, आणि अजून खेळते. एका सामन्यात तिनं बाद न होता दोन मिनिटं चाळीस सेकंद पळून काढली. त्याचा व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे आणि कामावर सगळ्यांनी तो पाहिलाय.

गेल्या गणपतीत सगळे जमलो होतो. दादानं दोघांना विचारलं, पुढे काय? पुतण्या लगेच म्हणाला, “एमएस.” मुलगी म्हणाली, “काका, अजून ठरलं नाही.” दादानं माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात १९९५पासूनचं सगळं होतं. मी गप्प बसलो, आरतीची वेळ होती. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते इथं लिहितोय, असं समजा. तिला अजून ठरवता येत नाही यात बिघडलं काहीच नाही. एकोणिसाव्या वर्षी ती पहाटे उठून स्वतःच्या मर्जीनं काहीतरी करते, हरून आली तर रडते आणि दुसऱ्या दिवशी परत जाते. मी त्या वयात कशासाठीच रडत नव्हतो.

दादा म्हणतो खेळून कुणाचं भलं झालंय. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोघांचे कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वायकर, महाराष्ट्राचे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, शालेय स्पर्धा खेळणाऱ्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. हे सगळं मी त्याला ऐकवू शकतो. पण ऐकवत नाही, कारण मग मुलीनं खेळायचं ते कशाच्या तरी बदल्यात, असं होतं, आणि मला तोच हिशेब मोडायचाय.

आता तुमच्या मुलाच्या ‘बघू’बद्दल. त्याला ‘पुढे काय करणार’ असं विचारू नका. घरात त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून इंजिनिअरिंगच्या एखाद्या ब्रँचचं नावच चालतं, हे मुलांना चांगलं कळतं. माझ्या मुलीच्या कॉलेजात निरोप समारंभाला प्रत्येकाला उभं करून नाव, छंद, पुढचा बेत विचारला. ती सांगत होती, ओळीनं सगळे ‘वाचन, गाणी ऐकणं, इंजिनिअर’ म्हणत खाली बसले. ज्यांनी दोन वर्षं क्लासशिवाय काही पाहिलं नाही ती मुलं दुसरं काय सांगणार? तुम्ही त्याला विचारा, अकरावीत कोणत्या तासाला वेळ कळला नाही. विचारा, कुणाचं काम बघून आपण हे करावं असं वाटलं. आणि तबल्यातच पुढे जायचं म्हणाला तर दचकू नका. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत विभाग आहे, आणि सायन्सनंतर तिकडे जाता येतं. तसं तो म्हणणारही नाही कदाचित. बहुतेक मुलं इंजिनिअरिंग करत करत वाजवतात, आणि ते अगदी चांगलं आहे.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या, त्या आता लिहितो. त्याला मनापासून डॉक्टर व्हायचं असेल तर नीटचं, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं, गणित वेगळं आहे. ७२० पैकी थोड्या मार्कांनी सरकारी आणि खासगी यांच्या फीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, तिथं वेळ कमी करावा लागेल. कमी म्हणतोय, बंद नाही. दौरे, स्पर्धा, बाहेरगावचे कार्यक्रम या वर्षी टाळा. गुरुजींना आठवड्यातून एकच दिवस सांगा आणि घरी रोज अर्धा तास, तोही अभ्यासाच्या मधे, रात्री शेवटी नाही. सीईटीत अकरावीचाही भाग येतो, साधारण पाचवा हिस्सा, त्यामुळे अकरावी कच्ची असेल तर ती दिवाळीच्या आत भरून काढा. क्लासला दिलेल्या सहीची काळजी करू नका. फी तुम्ही भरताय. आणि मी एका मुलीचा बाप आहे, सल्लागार नाही. तुमचं पोर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

अजून एक. त्यालाच या वर्षी थांबायचं असेल, त्यानं स्वतःच तसं म्हटलं असेल, तर थांबू दे. पण तबला माळ्यावर टाकू नका. गवसणीत घालून खोलीत त्याला दिसेल असा ठेवा. आणि गुरुजींना तुम्ही परस्पर फोन करून कळवू नका, त्याला स्वतः जाऊन सांगू दे. मला तेवढं पडद्याबाहेर येता आलं नव्हतं.