बोरोबुदूरचे पहाटेचे छायाचित्र कुठून आणि कसे घ्यावे?

इंडोनेशियातील जावा बेटावरील बोरोबुदूरचा नवव्या शतकातील बौद्ध स्तूप सूर्योदयापूर्वी टिपायचा असेल, तर माझ्या मते त्याच्या पश्चिमेला असलेली पुंथुक सेतुंबू टेकडी ही सर्वांत योग्य जागा आहे, कारण तेथून धुक्यातून वर आलेला स्तूप आणि त्यामागील मेरापी व मेरबाबू हे ज्वालामुखी एकाच चौकटीत येतात. मात्र स्तूप तेथून काही किलोमीटर दूर असल्याने मोबाइलवर तो ठिपक्याएवढाच दिसतो. किमान २०० मिमीची टेलिफोटो (दूरचे जवळ आणणारी) लेन्स आणि भक्कम ट्रायपॉड हवाच.

हा प्रदेश विषुववृत्ताजवळ असल्याने संधिप्रकाश फार लवकर सरतो. सूर्य साधारण साडेपाचच्या सुमारास उगवतो, म्हणून पाचच्या आधीच कॅमेरा लावून तयार असावे. आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १०० ते ४००, अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/८ आणि शटर काही सेकंद उघडे, एवढ्यावर सुरुवात करावी. अंधारात ऑटोफोकस चुकतो. त्यामुळे लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावर) मुख्य स्तूपाचे टोक मोठे करून हातानेच फोकस साधावा. सूर्य समोरून येत असल्याने तो वर आला की काळसर अँडेसाइट (ज्वालामुखीजन्य) दगडातील बारकावे हरवतात, म्हणून खरी घाई त्याआधीच्या निळसर उजेडात करावी. दमट हवेत लेन्सच्या काचेवर बाष्प धरते, तेव्हा कोरडे मऊ कापड हाताशी असू द्यावे.

तिथल्या पावसाळ्यात मेरापी ढगांआड राहण्याची शक्यता अधिक असते. मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ निवडावा.