घरात रेंज नाही, बूस्टर लावू का?

या महिन्यातल्या पत्रांचा सूर एकच आहे: घरात रेंज येत नाही, कुठला बूस्टर घ्यायचा ते सांगा. माझी नोकरी गाडीत लॅपटॉप आणि चार-पाच फोन घेऊन मोबाइलचं नेटवर्क मोजत फिरण्याची होती. त्यामुळे कुणी "रेंज नाही" म्हणालं की माझ्या तोंडून आधी निघतं, "नाही म्हणजे किती?" उत्तरंही तिथूनच सुरू करतो.

प्रश्न: माझ्या फोनवर तीन काड्या दिसतात, यांच्या फोनवर एकच. कंपनी तीच, खोली तीच. मग माझा फोन जास्त चांगला का?

काड्यांवरून तसं म्हणता येणार नाही. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, हे ज्याचा त्याचा फोन बनवणारा ठरवतो. २०१० साली आयफोन ४ वरून गदारोळ झाला तेव्हा काड्या ठरवायचं आपलं सूत्र साफ चुकीचं असल्याचं ॲपलने स्वतःच जाहीर केलं होतं. कित्येक ठिकाणी फोन दोन काड्या जास्त दाखवत होता. म्हणून काड्या विसरा आणि आकडा बघा.

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या 'अबाउट फोन'मध्ये जाऊन 'सिम स्टेटस' उघडा. तिथे सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, दिलेली असते. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्टचा पडदा उघडतो. त्यात 'आरएसआरपी' शोधा, म्हणजे टॉवरकडून पोचणाऱ्या सिग्नलची ताकद. आकडा उणे असतो, त्यामुळे पहिल्यांदा गोंधळ होतो: उणे ८५ हे उणे ११० पेक्षा चांगलं. फोरजीवर उणे ९० पर्यंत काही तक्रार नसते. उणे १०५ च्या पुढे घरात आवाज तुटायला लागतो आणि उणे ११५ नंतर फोन लागला तर लागला. हे मोजमाप सरळ चढत नाही, हेही ध्यानात ठेवा. दर १० डेसिबलला ताकद दहापट बदलते. दिवाणखान्यात उणे ९० आणि मागच्या खोलीत उणे ११० असेल, तर मागे शंभरावा हिस्सा पोचतोय.

दोन फोनची तुलना करायची तर दोन्ही एकाच टेबलावर ठेवा आणि दोन्ही फोरजीवरच आहेत ना ते बघा. एक फोरजीवर आणि दुसरा टूजीवर असेल तर आकड्यांची तुलनाच होत नाही, कारण दोन्हीकडे मोजण्याची पद्धत वेगळी आहे. आकडा जागच्या जागी पाच-सहाने नाचतो. तेव्हा मिनिटभर थांबा आणि जास्त वेळा दिसणारा आकडा धरा.

प्रश्न: नव्या घरात आल्यापासून खिडकी लावली की बोलणं तुटतं, उघडली की सुरळीत. काचेतून उजेड येतो, मग सिग्नल का येऊ नये?

तुमचं निरीक्षण अगदी नेमकं आहे. उन्हाची उष्णता अडवणाऱ्या नव्या काचांवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण रेडिओ लहरींना आरशासारखा परतवतो. साध्या काचेत दोन-चार डेसिबल जातात, अशा काचेत वीस ते तीस जाऊ शकतात. भिंतीत किंवा छताखाली उष्णतारोधक म्हणून चंदेरी फॉइल बसवलं असेल तर तोच प्रकार. पत्र्याचं छप्पर, सळयांची दाट जाळी असलेला स्लॅब, लिफ्टची पेटी हे सगळे त्याच जातीचे.

यात फ्रीक्वेन्सीचाही हात असतो. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. २३०० किंवा फाइव्हजीच्या ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी दारातच दम सोडतात. पुष्कळदा फोन दुबळ्या फाइव्हजीला चिकटून बसतो आणि घरात पोचणारा दणकट फोरजी वाया जातो. सेटिंग्जमध्ये नेटवर्कचा प्रकार फोरजीवर ठेवून बघा, आणि व्होल्टी, म्हणजे फोरजीवरूनच कॉल करायची सोय, चालू आहे याची खात्री करा. ते बंद असेल तर फोन येताच हँडसेट खालच्या नेटवर्कवर उतरतो, आणि ते तिथे नसेल तर फोनच लागत नाही. इतकं करून भागलं नाही तर पुढे रिपीटरचं, म्हणजेच बूस्टरचं, उत्तर वाचा.

प्रश्न: काड्या पूर्ण असतात. सकाळी नेट उत्तम चालतं, संध्याकाळी मात्र साधा फोटोही उघडत नाही. बूस्टरने फरक पडेल?

नाही. तुमच्याकडे सिग्नल कमी नाही, टॉवरवर गर्दी आहे. संध्याकाळी तीच क्षमता जास्त लोकांत वाटली जाते. दुसरी शक्यता अशी की तुम्ही दोन टॉवरच्या मधोमध आहात आणि दोघांचे सिग्नल एकमेकांवर आदळतात. फील्ड टेस्टमध्ये 'एसआयएनआर' नावाचा आकडा दिसतो, तो सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे ते सांगतो. २० च्या वर असला तर उत्तम, शून्याच्या आसपास आला की रडारड. आरएसआरपी चांगलं आणि एसआयएनआर वाईट, अशी जोडी दिसली की समजायचं, आवाज मोठा आहे पण शब्द कळत नाहीत. खोली बदलून बघा. घराच्या दुसऱ्या बाजूला एकाच टॉवरचा जोर असतो आणि आकडा एकदम सुधारतो. गर्दीच असेल तर कंपनीकडे तक्रार करणं किंवा कंपनी बदलणं, एवढेच मार्ग उरतात.

प्रश्न: गच्चीवर फोन छान लागतो, खाली घरात अजिबात नाही. रिपीटर नेमकं काय करतो आणि कुठला घ्यावा?

रिपीटर ज्यासाठी असतो, तीच तुमची परिस्थिती. म्हणून जरा सविस्तर लिहितो, पण शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

त्यात तीन भाग असतात: बाहेर टॉवरकडे तोंड केलेली अँटेना, मध्ये ॲम्प्लिफायर, आणि घरात छताला किंवा भिंतीला लावलेली छोटी अँटेना. यांना जोडणारी केबल हा चौथा भाग समजा, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतात. टॉवरचा सिग्नल वाढवून आत सोडायचा आणि तुमच्या फोनचा सिग्नल वाढवून बाहेर सोडायचा, अशी दोन्हीकडची ये-जा त्याला करावी लागते. नवा सिग्नल तो बनवत नाही.

हिशेब करून दाखवतो. गच्चीवर उणे ८५ आहे असं धरू. बाहेरच्या अँटेनाने ८ मिळवले, केबलने ३ खाल्ले, ॲम्प्लिफायरने ६५ वाढवले, तर आतल्या अँटेनापाशी उणे १५ होतात. तिथून ५ मीटरवर मोकळ्या हवेतसुद्धा ५० डेसिबल जातात. मध्ये एक भिंत धरली तर फोनला उणे ७५ च्या आसपास मिळेल, म्हणजे झकास. आता गच्चीवरच उणे ११५ असेल तर खाली उणे १०५ मिळेल. आकडा वाढला, पण गच्चीवर सिग्नलसोबत जो गोंगाट होता तोही तितकाच वाढून आला. एसआयएनआर तसूभरही सुधारत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, आधी फोन घेऊन गच्चीच्या चारही कोपऱ्यांत फिरा. तिथे उणे १०० पेक्षा चांगलं मिळत नसेल तर खाली यंत्र लावून हाती फार लागत नाही.

केबल जाड, ५० ओहमची आणि जमेल तेवढी आखूड हवी. बारीक केबल १८०० मेगाहर्ट्झच्या पुढे मीटरमागे अर्ध्या डेसिबलहून जास्त खाते. अशी २० मीटर टाकली की अँटेनाने कमावलेलं सगळं गेलं. बाहेर उघड्यावर धातूची अँटेना उभी करायची म्हणजे अर्थिंग आणि वीज पडली तर बचाव करणारा वीजरोधकही आलाच.

खरी डोकेदुखी मात्र दोन अँटेनांमधल्या अंतराची. आतल्या अँटेनाचा सिग्नल बाहेरच्या अँटेनाला ऐकू गेला की तो पुन्हा वाढून आत येतो, पुन्हा बाहेर जातो, आणि सभागृहात माइक स्पीकरसमोर धरल्यावर जशी शिट्टी वाजते तसं होतं. फरक एवढाच की ही शिट्टी तुम्हाला ऐकू येत नाही, टॉवरला येते. दोन अँटेनांमधली आडकाठी, म्हणजे एकीचा सिग्नल दुसरीपर्यंत पोचेतो जितका घटतो ते, ॲम्प्लिफायरच्या वाढीपेक्षा निदान १५ डेसिबलने जास्त हवी, म्हणजे वर घेतलेल्या उदाहरणात ८०. मध्ये स्लॅब असेल, उंचीचा फरक असेल आणि दोन्हींची तोंडं विरुद्ध दिशेला असतील तेव्हा हे जमतं. एकाच खिडकीच्या आत-बाहेर दोन अँटेना चिकटवलेल्या फोटोंना भुलू नका.

शिवाय २३०० आणि ३५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत येणं आणि जाणं एकाच फ्रीक्वेन्सीवर आळीपाळीने चालतं. नेटवर्कच्या तालावर दिशा बदलणं स्वस्त यंत्रांना जमत नाही. आत एकच अँटेना असली की फोनच्या दोन-चार अँटेनांचा फायदाही जातो. त्यामुळे बोलणं सुधारतं आणि नेटचा वेग मात्र घटतो, हा अनुभव अनेकांना येतो.

आता कायदा. अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने २०१३ मध्ये घरगुती बूस्टरचे नियम केले. ठरलेल्या कसोट्यांत उतरलेलं यंत्र घ्यायचं आणि आपल्या मोबाइल कंपनीकडे त्याची नोंद करायची. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या तिथल्या नियामक संस्थेने २०१८ पासून घरात एका जागी बसवायच्या ठरावीक रिपीटरना परवान्यातून सूट दिली आहे. भारतात अशी मुभा नाही. सरकारने सूट दिलेली यंत्रं सोडली तर बिनतारी यंत्र नुसतं बाळगायलाही परवाना लागतो, ही अट १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही ती सोडलेली नाही. रिपीटर लावायचा तर तो मोबाइल कंपनीनेच. ऑनलाइन सर्रास विकायला दिसतो म्हणून तो कायदेशीर ठरत नाही.

तुमच्यासाठी माझी शिफारस वेगळीच आहे. घरात केबलचं ब्रॉडबँड असेल तर फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा. नेहमीच्याच नंबरवरून, वेगळं ॲप न घेता, कॉल वाय-फायवरून जातो आणि तुमचा प्रश्न बहुधा तिथेच मिटतो. ब्रॉडबँड नसेल तर बाहेरची अँटेना जोडायची सोय असलेला फोरजी राउटर घ्या, अँटेना गच्चीवर लावा, आणि खाली त्याच्या वाय-फायवरून बोला. राउटर हा टॉवरच्या लेखी साधा ग्राहकच असतो. टॉवर सांगेल तेवढ्याच ताकदीने तो बोलतो, त्यामुळे कुणाला उपद्रव होत नाही. अगदी फुकटचा उपाय हवा असेल तर घरात कुणाचा तरी जुना फोन पडलेला असतोच. त्यात सिम घालून तो रेंज असलेल्या खिडकीत चार्जरला लावून ठेवा आणि हॉटस्पॉट चालू करा. मी स्वतः कित्येक महिने असंच काम चालवलं आहे. दिसायला गबाळं दिसतं, एवढंच.

प्रश्न: ओळखीतल्या एकाने बूस्टर बसवून दिला. काड्या भरल्या, पण समोरच्याला माझा आवाज जात नाही, आणि आता शेजारीही म्हणतात त्यांची रेंज गेली.

आधी प्लग काढा, मग पुढचं वाचा.

काड्या फक्त टॉवरकडून फोनकडे येणारी बाजू दाखवतात. फोनकडून टॉवरकडे जाणारी बाजू बिघडली तर पडद्यावर काहीच कळत नाही. टॉवर दर क्षणी प्रत्येक फोनला हळू बोल, मोठ्याने बोल अशा सूचना देत असतो, म्हणून एका टॉवरवर इतके फोन नांदतात. तुमचा बूस्टर या शिस्तीत नाही. तुम्ही बोलत नसतानाही तो स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सचा खरखराट वाढवून टॉवरकडे सोडत राहतो. त्यात टॉवरला दूरच्या दुबळ्या फोनचं बोलणं ऐकू येईनासं होतं, आणि आधी जातात ते तुमचे शेजारी. वर सांगितलेली शिट्टीही होत असेल तर परिसरातली सगळी सेवा कोलमडते.

चांगल्या यंत्रांत वाढ आपोआप कमी करायची किंवा यंत्र बंद करायची सोय असते. तुमच्यात ती दिसत नाही. "अँटेना थोडी सरकवून बघू का?" असं तुम्ही पुढे विचारलं आहे. नको. अशा वेळी दूरसंचार कंपन्यांची माणसं दिशादर्शक अँटेना घेऊन खरखराटाचा उगम शोधत येतात, आणि ते काम वाटतं तितकं अवघड नसतं. मी ते केलेलं आहे. बहुतेक वेळा शोध एखाद्या गच्चीवरच्या काळ्या केबलपाशी संपायचा.

प्रश्न: रेंज कमी असली की बॅटरी लवकर उतरते, हे खरं का?

खरं आहे. टॉवर लांब पडला की फोन मोठ्याने बोलतो. फोरजीत ही मर्यादा साधारण २०० मिलिवॅट असते, आणि चांगल्या सिग्नलमध्ये तो याच्या कितीतरी पट कमी ताकदीवर भागवतो. शिवाय सारखा दुसरा टॉवर शोधत राहतो. ज्या खोलीत रेंजच नाही तिथे झोपताना फ्लाइट मोड लावून फक्त वाय-फाय चालू ठेवा. वाय-फाय कॉलिंग असेल तर फोनही येतील.

प्रश्न: फोनच्या पाठीला चिकटवायचा अँटेना-स्टिकर घेतला तर?

काही होणार नाही. तो फोनच्या अँटेनाला कुठे जोडलेलाच नसतो. त्यापेक्षा पाठीवर धातूचं कव्हर किंवा गाडीतल्या चुंबकाची पट्टी असेल तर ती काढून बघा, आणि फोनचा खालचा भाग मुठीत घट्ट धरू नका. पुष्कळ फोनमध्ये अँटेना तिथेच असते.